आउटपुट व्हॉल्व्ह बदलताना : माहितीपत्रक आणि विशेषणे

व्हॉल्व्हवर चालणारे ॲम्प्लिफायर आता दुर्मीळ झाले आहेत, पण नाहीसे झालेले नाहीत. १९७७ साली रत्नागिरीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले तेव्हा कोकणातल्या कित्येक घरांत व्हॉल्व्हचे रेडिओ चालू होते. ते रेडिओ माळ्यावर गेले. परंतु नाट्यसंगीताच्या तबकड्या जपून ठेवणाऱ्या काही घरांमध्ये व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर अजूनही रोज संध्याकाळी चालू होतो. असे यंत्र बाळगणाऱ्या माणसापुढे एक ना एक दिवस प्रश्न उभा राहतोच : आउटपुट व्हॉल्व्ह म्हातारे झाले, आता त्यांच्या जागी कोणते बसवायचे?

रत्नागिरीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला हाच प्रश्न विचारला. त्यांच्याकडे मुलार्ड कंपनीच्या प्रसिद्ध 'फाइव्ह-टेन' आराखड्यावरून घरी बांधलेला ॲम्प्लिफायर आहे. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून फाइव्ह-टेन. शेवटच्या पायरीवर ईएल ८४ या जातीचे दोन व्हॉल्व्ह. आवाज चिरकू लागला तेव्हा त्यांनी विक्रेत्यांची पत्रके मागवली, जाणकारांना विचारले आणि जमलेला कागदांचा गठ्ठा माझ्या हाती दिला. या लेखात त्या कागदांतल्या मजकुराचे परीक्षण करायचे आहे. विक्रेत्यांची नावे देत नाही; मजकूर सगळीकडे एकाच वळणाचा असल्याने त्यांची गरजही नाही.

गठ्ठ्यात सर्वांत जास्त काय होते? विशेषणे. एका देशातला व्हॉल्व्ह 'उबदार', दुसऱ्या देशातला 'काटेकोर', तिसरा 'मखमली', चौथ्याचे वरचे स्वर 'हवेशीर'. ईएल ८४ च्या प्लेटवर किती व्होल्ट चालतात, हे चौदा कागदांपैकी फक्त दोनांत होते. कॅथोडच्या रोधाचा उल्लेख एकातही नव्हता. औषधाच्या बाटलीवर मात्रा न छापता 'अत्यंत गुणकारी' एवढेच छापावे, तसा हा प्रकार. आणि या विशेषणांच्या जोरावर निवृत्तिवेतनातले बरेच पैसे खर्च होणार होते.

याउलट जुन्या कारखान्यांची माहितीपत्रके पाहावीत. मुलार्ड, फिलिप्स, आरसीए या कंपन्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हचे दोन-चार पानी पत्रक काढले होते. त्यात विशेषण औषधालाही सापडत नाही. आकडे, वक्ररेषा आणि मर्यादा, बस्स. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने वर्गात वाचून दाखवावे असे हे साहित्य आहे, असे माझे मत आहे. थोडे वाचून पाहू.

ईएल ८४ हा पेंटोड. आत निकेलची नळी, तिच्यावर बेरियम व स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडांचा लेप, हा कॅथोड. हीटरने तो सुमारे ७५० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि इलेक्ट्रॉन सोडतो. वाटेत तीन जाळ्या, शेवटी प्लेट. पहिल्या जाळीवर, म्हणजे कंट्रोल ग्रिडवर, कॅथोडच्या तुलनेत ऋण दाब ठेवून प्रवाह ताब्यात ठेवायचा. पत्रक सांगते : हीटर ६.३ व्होल्ट, ०.७६ अँपिअर. प्लेटवर २५० व्होल्ट आणि ग्रिडवर उणे ७.३ व्होल्ट असताना प्लेटचा प्रवाह ४८ मिलिअँपिअर, स्क्रीनचा ५.५. ग्रिडचा दाब एक व्होल्टने बदलला तर प्लेटचा प्रवाह ११.३ मिलिअँपिअरने बदलतो. प्लेटने उष्णतेच्या रूपात जास्तीत जास्त १२ वॅट सोसावेत.

विद्यार्थ्याला इथे गुणाकार करायला सांगावा. २५० व्होल्ट गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे बरोबर १२ वॅट. कारखान्याने दिलेला नमुन्याचा कार्यबिंदू मर्यादेच्या रेषेवरच आहे! म्हणजे हा छोटा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकदीने राबवला जातो. आता ७.३ व्होल्टला ५३.५ मिलिअँपिअरने भागावे : सुमारे १३६ ओहम. पत्रकात कॅथोडचा रोध १३५ ओहम दिलेला आहे. ओहमच्या नियमापलीकडे काहीही न लावता पत्रक स्वतःचाच ताळा देते. मखमली आवाजाचा ताळा असा घेता येत नाही.

आपल्याकडे बारावीच्या आणि पदवीच्या पुस्तकांत ट्रायोडचा धडा असे. त्यात प्लेटचा रोध, ट्रान्सकंडक्टन्स आणि विवर्धनांक यांचे समीकरण पाठ करून घेतले जाई, प्रयोगशाळेत वक्ररेषाही काढल्या जात. पण व्हॉल्व्ह किती उष्णता सोसतो, तो थकतो कसा, ग्रिडच्या रोधाला वरची मर्यादा का असते, यांतले काही त्या धड्यात नसे. धडा आता गेला. त्याच्या जागी आलेल्या ट्रान्झिस्टरच्या धड्यातही कार्यबिंदू आणि उष्णतेची मर्यादा यांची आठवण क्वचितच होते. व्हॉल्व्हचे समीकरण पाठ असलेला माणूस व्हॉल्व्ह विकत घेताना विशेषणांवर विसंबतो, यात त्या धड्याचाही वाटा आहे.

ग्रिडच्या रोधाचाच मुद्दा पाहा. पत्रकात एक कोरडी ओळ असते : बायस कॅथोडच्या रोधातून मिळत असेल तर ग्रिडचा रोध १ मेगाओहमपर्यंत चालेल, वेगळ्या पुरवठ्यातून स्थिर बायस दिला असेल तर ०.३ मेगाओहमपर्यंतच. असे का?

कोणत्याही व्हॉल्व्हमध्ये निर्वात पूर्ण नसते. उरलेल्या वायूच्या रेणूंवर इलेक्ट्रॉन आदळले की धन आयन तयार होतात आणि ते ऋण ग्रिडकडे जातात. त्यामुळे ग्रिडमधून अगदी बारीकसा उलटा प्रवाह वाहतो. तो एक मायक्रोअँपिअर आहे असे धरू. १ मेगाओहमच्या रोधातून एक मायक्रोअँपिअर गेला की ग्रिड एक व्होल्टने धन बाजूला सरकते. स्थिर बायस असेल तर प्लेटचा प्रवाह लगेच सुमारे १० मिलिअँपिअरने वाढतो. वाढलेल्या प्रवाहाने प्लेट अधिक तापते, तापलेल्या धातूतून आणखी वायू सुटतो, ग्रिड आणखी सरकते. हे चक्र चालू राहिले की प्लेट लाल दिसू लागते आणि व्हॉल्व्ह जातो. जाताना कधी कधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही बरोबर नेतो. व्हॉल्व्ह पुन्हा मिळेल. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गुंडाळलेला चांगला ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण.

कॅथोडमध्ये रोध असेल तर गोष्ट वेगळी. फाइव्ह-टेनमध्ये प्रत्येक आउटपुट व्हॉल्व्हला स्वतंत्र २७० ओहमचा रोध असतो. प्रवाह वाढू लागला की त्या रोधावरचा दाब वाढतो, कॅथोड वर सरकतो आणि ग्रिड तितकीच अधिक ऋण होते. ट्रान्सकंडक्टन्स १० मिलिअँपिअर प्रति व्होल्ट धरला तर त्याचा २७० ओहमशी गुणाकार २.७. त्यात १ मिळवून भाग द्यायचा. स्थिर बायस असताना जिथे १० मिलिअँपिअरची वाढ झाली असती, तिथे आता १० भागिले ३.७, म्हणजे २.७ मिलिअँपिअरचीच होते. बाजारातला साधा रोध हे काम करतो.

हेच गणित 'जुळवलेल्या जोडी'लाही लागू पडते. पुश-पुल मांडणीत दोन व्हॉल्व्ह ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांकडून विरुद्ध दिशेने ओढतात. दोघांचे स्थिर प्रवाह सारखे असतील तर गाभ्यातले चुंबकत्व एकमेकांना छेदते. ते सारखे नसतील तर फरकाएवढे चुंबकत्व कायम राहते, गाभा एका बाजूला झुकतो आणि खर्जातले स्वर प्रथम बिघडतात. म्हणून जोडी जुळलेली असावी हे खरेच आहे. पण गठ्ठ्यातल्या नऊ कागदांनी जुळवलेल्या जोडीसाठी जादा पैसे मागितले होते आणि किती व्होल्टला, किती प्रवाहावर जुळवली हे एकानेही सांगितले नव्हते. २५० व्होल्टला जुळलेले दोन व्हॉल्व्ह ३०० व्होल्टला जुळतीलच असे नाही. एका बिंदूवर प्रवाह सारखा असूनही ट्रान्सकंडक्टन्स वेगळा असू शकतो. ज्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्थिर बायस आहे आणि तो प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा लावण्याची सोय नाही, त्याने जुळवलेली जोडी जरूर घ्यावी आणि जुळवणीचा व्होल्टेज व प्रवाह लेखी मागावा. ज्याच्या व्हॉल्व्हना २७० ओहमचे स्वतंत्र रोध आहेत, त्याने जादा पैसे देण्याआधी वरचा भागाकार करून पाहावा.

माहितीपत्रकांची एवढी स्तुती केल्यावर त्यांतले दोषही सांगायला हवेत. पहिला दोष हा की पत्रक सरासरी व्हॉल्व्हचे वर्णन करते. दोन नगांत किती फरक पडू शकतो, हे त्यात बहुधा नसते. दुसरा दोष अधिक फसवा आहे. 'कमाल मर्यादा' हे शब्द सगळ्या पत्रकांत एकाच अर्थाने येत नाहीत. जुन्या पद्धतीत मर्यादा देताना घरच्या विजेचे नेहमीचे चढउतार आधीच हिशेबात धरलेले असत. म्हणजे नेमका २३० व्होल्ट पुरवठा असताना ती मर्यादा पाळली की पुरे. नंतरच्या अमेरिकन पद्धतीत हा हिशेब आराखडा करणाऱ्यावर सोडला गेला. पुरवठा कितीही चढला तरी आकडा ओलांडायचा नाही. ६व्ही६ जीटी या व्हॉल्व्हला आधी १२ वॅट लिहीत आणि ६व्ही६ जीटीए या सुधारित नावाने १४ वॅट छापले गेले, ते या दोन वेगवेगळ्या पद्धतींनी. हे ध्यानात न घेता 'नवा दोन वॅटने दणकट' असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. दोन फूटपट्ट्यांचे शून्यच वेगळे असेल तर वजाबाकीला अर्थ काय?

आपल्याकडे हा मुद्दा पुस्तकी नाही. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला जुना ट्रान्सफॉर्मर असेल आणि रात्री उशिरा, भार उतरल्यावर, घरातला पुरवठा २५० व्होल्टपर्यंत चढला तर ६.३ व्होल्टच्या हीटरला सुमारे ७.२ व्होल्ट मिळतात. हे सुमारे १४ टक्के जास्त झाले. प्लेटचा दाबही त्याच प्रमाणात चढतो. कॅथोडवरचा लेप लवकर झिजतो आणि दोष मात्र व्हॉल्व्हच्या देशाला दिला जातो.

आता देशांविषयी. आज ईएल ८४ जगात मोजक्या ठिकाणी तयार होतो : स्लोव्हाकियातला जेजे इलेक्ट्रॉनिक, रशियात साराटोव्हचा कारखाना आणि चीनमधले काही उत्पादक. साराटोव्हच्या कारखान्याची मालकी न्यू सेन्सर या अमेरिकन कंपनीकडे असून मुलार्ड, टंग-सोल अशी जुनी प्रतिष्ठित नावे वापरण्याचे हक्कही तिच्याकडे आहेत. म्हणजे आज खोक्यावर 'मुलार्ड' छापलेला नवा व्हॉल्व्ह इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या मुलार्ड कारखान्यातला नसतो. यात बेकायदा काही नाही आणि तो व्हॉल्व्ह वाईट असतो असेही नाही. पण गठ्ठ्यातला एक कागद या नव्या व्हॉल्व्हचे गुण ब्लॅकबर्नच्या इतिहासावरून सांगत होता. रत्नागिरीकरांना हे फार समजावून सांगायला नको. पेटीवर 'रत्नागिरी हापूस' आणि आत दुसरीकडचा आंबा, हा अनुभव मुंबई-पुण्याच्या बाजारात इतका जुना आहे की २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा बागायतदारांना त्याचे मोल लगेच कळले. व्हॉल्व्हला असे मानांकन नाही. जुन्या फिलिप्स समूहाच्या व्हॉल्व्हवर काचेच्या तळाशी बारीक संकेत कोरलेला असे आणि त्यातल्या खुणेवरून कारखाना कळे. ब्लॅकबर्नसाठी 'बी' हे अक्षर होते. त्या काळी कारखाने एकमेकांचे व्हॉल्व्ह आपल्या नावाने विकत, त्यामुळे खोक्यापेक्षा तो संकेत जास्त विश्वासाचा.

आपल्याच देशातला पर्याय मात्र गठ्ठ्यात एका ओळीपुरता होता. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले आणि ईएल ८४ ही जातही तिथे बनली. न वापरलेले नग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजूला अधूनमधून मिळतात. ते युरोपच्या नगांपेक्षा कमी प्रतीचे आहेत असा एक सूर ऐकू येतो. त्यासाठी मोजमाप दाखवणारा कोणी मला भेटलेला नाही.

'न वापरलेला जुना साठा' या शब्दांनीही फार भारावून जाऊ नये. व्हॉल्व्ह खोक्यात बसून राहिला तरी पायांच्या सांध्यातून हवा हळूहळू शिरू शकते. तपासायला सोपी खूण आहे. काचेच्या माथ्यावर आतून जो चंदेरी-काळपट आरसा दिसतो तो बेरियमचा लेप. उरलासुरला वायू शोषून घेणे हे त्याचे काम. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली आहे, तो व्हॉल्व्ह घेऊ नये. चालू असताना काचेच्या आतल्या बाजूवर दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते, ती भटक्या इलेक्ट्रॉनांमुळे काचेवर उमटते. प्लेटच्या आत, जाळ्यांच्या मधल्या जागेत जांभळट-गुलाबी उजेड दिसला तर मात्र तो वायूचा. विद्यार्थ्यांना विरल वायूंतला विद्युत्स्राव शिकवताना या दोन उजेडांची आठवण द्यायला हरकत नाही.

गठ्ठ्यातल्या दोघांनी अधिक ताकदीचा व्हॉल्व्ह बसवण्याचा सल्ला दिला होता. एकाने तर ईएल ३४ सुचवला होता. ईएल ८४ ची बैठक नऊ पिनांची, ईएल ३४ ची आठ पिनांची; तो बसणारच नाही. बैठक बदलली तरी एका ईएल ३४ च्या हीटरला १.५ अँपिअर लागतात. दोन नगांचे तीन अँपिअर, म्हणजे पूर्वीच्या दुप्पट. ट्रान्सफॉर्मरच्या त्या वेटोळ्यात उष्णता चौपट होईल. आणि एवढे करून वॅट वाढणार नाहीत, कारण ते पुरवठ्याच्या व्होल्टेजवर आणि भारावर ठरतात. मोठी घागर लावली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. ज्यांच्याकडे आठ पिनांचा ६एल६ चालतो त्यांना ईएल ३४ चा मोह अधिक होतो, कारण तो बैठकीत सहज बसतो. पण ईएल ३४ मध्ये पहिल्या पिनला सप्रेसर ग्रिड जोडलेली असते आणि ती कॅथोडला जोडावी लागते. ६एल६ साठी केलेल्या जोडणीत ती पिन मोकळी असते, किंवा दुसऱ्याच एखाद्या तारेला टेकायला वापरलेली असते.

उलट बाजूची चूकही होते. काही अमेरिकन ॲम्प्लिफायरमध्ये ईएल ८४ सारखाच दिसणारा ७१८९ हा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या प्लेटला ४०० व्होल्ट चालतात, ईएल ८४ ला ३००. परदेशातून कोणी असे यंत्र आणले असेल तर 'दोन्ही एकच' हे उत्तर मान्य करण्याआधी प्लेटवरचा दाब मोजावा.

मग आवाजात फरक पडतच नाही का? पडतो, पण किती पडेल हे ॲम्प्लिफायरच्या आराखड्यावर अवलंबून असते. ज्या यंत्रात एकच आउटपुट व्हॉल्व्ह आहे आणि निगेटिव्ह फीडबॅक मुळीच नाही, त्यात व्हॉल्व्हचा प्रत्येक गुणदोष कानापर्यंत पोचतो. फाइव्ह-टेनमध्ये सुमारे २६ डेसिबल फीडबॅक आहे, म्हणजे वीस पट. आउटपुट व्हॉल्व्हचा ट्रान्सकंडक्टन्स २० टक्क्यांनी कमी झाला तरी एकूण विवर्धनात एक-सव्वा टक्काच फरक पडतो. डेसिबलमध्ये तो ०.१ च्या आसपास. एवढा फरक आपल्या कानाला कळत नाही. धडधाकट ईएल ८४ च्या दोन जातींमध्ये 'आकाशपाताळाचा फरक' या यंत्रावर ऐकू आला असेल, तर आवाजाची पातळी, जुन्या जोडीची थकावट किंवा नव्या वस्तूचा आनंद यांपैकी कारण शोधावे. किंचित मोठा आवाज अधिक चांगला वाटतो, हे तर ध्वनिशास्त्रात सर्वपरिचित आहे.

ऐकणाऱ्यांची थट्टा करणारे अभियंतेही मला पसंत नाहीत. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर या आराखडाकाराने आव्हान घेतले होते की आपला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसारखाच वाजेल असा करून दाखवीन. दोन्ही यंत्रांच्या आवाजांतला फरक मोजत आणि कमी करत त्याने ते साधले, आणि 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या समीक्षकांना दोघांतला भेद ओळखता आला नाही. या प्रसंगातून काही जण 'सगळे ॲम्प्लिफायर सारखेच' असा अर्थ काढतात. तो चुकीचा आहे. आधी फरक होता, म्हणून तर तो कमी करावा लागला. तो मोजता येत होता आणि त्याला कारणे होती. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध जास्त असतो आणि लाउडस्पीकरच्या बदलत्या रोधाशी मिळून तो स्वरांचा समतोल बदलतो, हे त्यांतले एक मोठे कारण. श्रोत्याचा कान खोटा नव्हता, त्याने दिलेले स्पष्टीकरण अपुरे होते.

ज्यांना कानाचीच परीक्षा घ्यायची आहे त्यांनी शाळेत करता येईल अशी घ्यावी. एकसारखी दोन यंत्रे, दोन्हींची पातळी मीटरने जुळवलेली, यंत्रे पडद्याआड. दर वेळी कोणते वाजवायचे ते नाणेफेकीने ठरवायचे. दहा वेळा ऐकवून दहा उत्तरे कागदावर घ्यायची. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर. आठ किंवा अधिक येण्याची १०२४ मध्ये ५६. म्हणून आठवर थांबू नये, पुन्हा दहा वेळा ऐकवावे. संभाव्यतेच्या धड्याला इतका रंजक प्रयोग शोधून सापडणार नाही. एकाच यंत्रातले व्हॉल्व्ह बदलून ही परीक्षा होत नाही; गार होणे, बदलणे, पुन्हा तापणे यांत दहा मिनिटे जातात आणि आवाजाची बारीक आठवण तेवढी टिकत नाही.

त्या शिक्षकांच्या यंत्राचे काय झाले तेही इथेच सांगतो. नवे व्हॉल्व्ह मागवण्याआधी आम्ही दोन्ही कॅथोडवरचे दाब मोजले. एकावर १०.८ व्होल्ट. २७० ओहमने भागले की ४० मिलिअँपिअर. स्क्रीनचे चार वजा केले तर प्लेटचे ३६. प्लेट आणि कॅथोड यांच्यामध्ये ३०० व्होल्ट होते, म्हणजे १०.८ वॅट. ठीक. दुसऱ्यावर १४ व्होल्ट होते. ५२ मिलिअँपिअर, आणि त्याच हिशेबाने प्लेटवर १४ वॅट. थकलेल्या व्हॉल्व्हचा प्रवाह कमी व्हायला हवा, हा तर वाढला होता. त्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर शून्याऐवजी पाचेक व्होल्ट धन दाब होता. यंत्र बंद करून, साठलेला विद्युत्भार उतरवून तो व्हॉल्व्ह काढला आणि पुन्हा क्षणभर चालू करून मोजले. दाब तसाच. व्हॉल्व्हच्या आतला वायू दोषी असता तर व्हॉल्व्ह काढल्यावर तो दाब नाहीसा झाला असता. म्हणजे दोष आधीच्या पायरीकडून येणाऱ्या कपॅसिटरचा. जुना कागदी कपॅसिटर, त्यात कोकणातली दमट खारी हवा. तो झिरपू लागला होता. चौदा कागदांतले कुठलेही महागडे व्हॉल्व्ह तिथे बसवले असते तरी काही महिन्यांत त्यांतला एक असाच भाजून निघाला असता. कपॅसिटर दोन्ही बाजूंचे बदलले. नंतर ईएल ८४ ची जोडी साधीच घेतली, बैठकीतल्या पिनांवरचा हिरवट थर साफ केला.

हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये. ३०० व्होल्टचा कपॅसिटर यंत्र बंद केल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो. तो रोधातून रिकामा करून, मीटरने खात्री करूनच आत हात घालावा. पहिल्यांदा चालू करताना वायरमन मंडळी लावतात तसा ६० किंवा १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावावा. तापताना तो उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर ताबडतोब बंद करावे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये; भार नसला की ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यात दाबाचे प्रचंड झटके उठतात आणि वेटोळ्यांमधला इन्सुलेशन फाटतो.

नवी जोडी बसवल्यावर दहा मिनिटांनी दोन्ही कॅथोडचे दाब, प्लेटचा दाब आणि त्या वेळचा घरातला पुरवठा असे चार आकडे तारखेसह कागदावर लिहून तो पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावा. महिन्याने पुन्हा मोजावे, मग वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर. दोन्ही दाब मिळून हळूहळू उतरत असतील तर व्हॉल्व्ह म्हातारे होत आहेत. एकाचाच दाब चढत असेल तर आधी कपॅसिटर पाहावा.